अक्कांचा डावा डोळा

अक्का चित्र काढायला भर दुपारी बसायच्या. आम्ही बाकीचे उजाडताच निघून, ऊन चढायच्या आत सामान आवरून घरी येणारे. जळगावकडच्या एप्रिल-मे महिन्यात याहून वेगळा शहाणपणा कोणी सांगत नाही. अक्का मात्र आमच्या परतीच्या वेळी घराबाहेर पडत. डोक्यावर पदर, पदरावर ओला पंचा, त्यावर गवती टोपी. एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. वाटेत गाठ पडली तर थांबून आमची चित्रं बघत आणि म्हणत, "छान. सकाळचं ऊन काढलंत. ते आयतंच देखणं असतं. दुपारच्या उन्हाला कोणी वाली नाही."

त्या सावद्याच्या. तिथल्याच एका शाळेत त्यांनी नोकरीभर चित्रकला शिकवली. यजमान बँकेत होते, ते निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. गावातल्या घरात त्या एकट्या राहत. धाकट्या भावाची केळीची बाग गावाला लागूनच होती, तिथे त्यांचं रोजचं जाणं. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, भाजीवाले, सगळेच त्यांना अक्का म्हणत. मी जळगावला कला महाविद्यालयात शिकवते. रविवारी बाहेर जाऊन चित्रं काढणाऱ्यांचा आमचा एक गट होता, त्यातून ओळख झाली. पुढे गट मोडला, तरी माझं सावद्याला जाणं चालू राहिलं.

केळीची बाग बाहेरून बघितली तर नुसती हिरवी भिंत. अक्का बाहेरून कधी बघतच नसत. ठिबकच्या नळ्या चुकवत त्या दोन ओळींमधून पार आत जात, स्टूल टाकून बसत आणि मान वर करून पानांची खालची बाजू बघत. डोक्यावरचं ऊन पानातून गाळून खाली येतं, शिरा उजळतात, एका पानाची सावली दुसऱ्यावर पडते तीही खालूनच कळते. त्यासाठी सूर्य माथ्यावर असावा लागतो, म्हणून दुपार. बाहेरच्या उन्हात जलरंग कुंचल्यावरच वाळून जातो. बागेत ओल असते, तिथे तोच रंग वाळता वाळत नाही. "इथे कागद माझ्यासाठी थांबतो," असं त्या म्हणत. मान भरून आली की सरळ गोणपाट अंथरून उताण्या पडत आणि पडल्या पडल्या वर बघत राहत. बागेतल्या बायका सुरुवातीला घाबरल्या होत्या, बाईंना ऊन लागलं म्हणून. पुढे त्यांना सवय झाली. त्या वाट वाकडी करून जाऊ लागल्या.

शाळेत अक्कांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. "हिरवा हा रंग नाही, आडनाव आहे. सावद्यात निम्मे चौधरी, म्हणून काय सगळे सारखे दिसतात?" सुरुवातीचे कितीतरी तास त्या मुलांना रंगाला हातच लावू देत नसत. खिडकीबाहेर बघायचं आणि निंबाचा हिरवा नि केळीचा हिरवा यांत काय फरक आहे ते तोंडाने सांगायचं. एका मुलीने सांगितलं होतं, "निंबाचा हिरवा कोरडा आहे, केळीच्या हिरव्याला घाम आलाय." हे उत्तर त्या वर्षानुवर्षं सगळ्या वर्गांना ऐकवत. मुलीचं नाव विसरल्या होत्या.

एकदा मी त्यांना आमच्या महाविद्यालयात बोलायला आणलं. विषय मीच ठरवला होता, चित्रकाराची प्रेरणा आणि काम करण्याची रीत. मुलं मोबाइल सरसावून बसली. पहिलाच प्रश्न आला, "तुमची प्रेरणा काय?"  

"प्रेरणा आल्याचं मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मला केळीच्या पानाचा कंटाळा येत नाही, एवढंच. तुम्हाला कशाचा कंटाळा येत नाही ते शोधा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा."

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाटल्या. व्याख्यान तिथेच संपलं. मुलं खूश होती. उरलेला वेळ मलाच बोलावं लागलं, आणि भरताच्या वासापुढे माझं कोणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्याच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या की अक्का एकच प्रश्न विचारत, "हे असं का?" त्यात खोच नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. माझ्या एका चित्रातल्या जांभळ्या डागावर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, "इथे जांभळा का?" मी म्हटलं, "बरा दिसतो म्हणून." त्यावर त्या म्हणाल्या, "बरा दिसतो, की तिथे दिसला?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही एवढं आठवतं. त्या पुढच्या चित्राकडे सरकल्या होत्या.

त्यांची स्वतःची चित्रं नंतरच्या वर्षांत पिवळी होत गेली. एकदम नाही. आधी हिरवा मध कालवल्यासारखा झाला, मग हळदीवर गेला, मग तांबूस. पानांच्या कडा विरघळल्या, पान कुठे संपतं आणि उजेड कुठे सुरू होतो ते कळेना. आम्हा सगळ्यांना ती चित्रं फार आवडत. 'अक्कांचा पिवळा' असा शब्दच आमच्यात रुळला. त्यांचे भाऊ, ज्यांना आम्हीही भाऊच म्हणायचो, आलेल्या पाहुण्याला ती चित्रं दाखवत आणि सांगत, "आमच्या बागेत केयी हिरवीच कटते. पिकते थेट दिल्लीले. पिकेल बाग पाहाची असली त आमच्या अक्काच्या चित्रात पाहा." यावर सगळ्यांत आधी हसणाऱ्या अक्काच असत.

मग जळगावला त्यांच्या एकटीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलं. माहितीपत्रकासाठी पुण्याच्या एका समीक्षकांनी लेख लिहून पाठवला. बारीक अक्षर अक्कांना दिसेनासं झालं होतं, म्हणून मी तो वाचून दाखवला. पतीच्या निधनानंतर या चित्रांतला हिरवा ओसरत गेला आणि त्या जागी एकटेपणाचा करपलेला पिवळा पसरत गेला, असं त्यात म्हटलं होतं. भाषा सुंदर होती. अक्कांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "बराच अभ्यास केलाय यांनी," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला घेतली.

पण बारीक अक्षर दिसत नाही हे मी भाऊंच्या कानावर घातलं आणि ते त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगलाच पिकलेला. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची आणि काही आठवड्यांनी डाव्याची, असं ठरलं. प्रदर्शनाला अवकाश होता, तेव्हा उजवा डोळा लगेच उरकून घेतला.

पट्टी निघाली त्या दिवशी मी दवाखान्यात होते. काळा चष्मा लावून, भाऊंचा हात धरून अक्का बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या. चष्मा थोडा वर केला. एरवी त्या शाळेतलं मराठी बोलत, पण भान सुटलं की घरची बोली तोंडी येई.

"भाऊ, हे आभाय इतकं निळं कवापासून हाये रे?"

"पहिलेपासूनच हाये व, अक्का," भाऊ म्हणाले.

त्या हसल्या. घरी येईपर्यंत रिक्षातून त्या प्रत्येक निळ्या गोष्टीकडे बोट दाखवत होत्या. ताडपत्री, पाण्याचा पिंप, दुकानाचं शटर. आम्हीही हसत होतो. पुढचं कोणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

प्रदर्शनाची चित्रं फ्रेम होऊन आली होती आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतींना टेकवून ठेवलेली होती. अक्का आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हाताने उजवा डोळा झाकला. मग हात काढून डावा झाकला. पुन्हा उजवा. असं करत त्या एकेका चित्रापुढून गेल्या. भाऊ पाण्याचा पेला घेऊन आले होते, ते तसेच उभे राहिले.

"हे मी काढलं?"

भाऊंनी पेला खिडकीत ठेवला.

"मी हिरवी बाग काढली होती," त्या म्हणाल्या. "भाऊचं ते पिकेल बाग म्हणणं मला थट्टा वाटे, आणि लेखातला पिवळा म्हणजे ऊन." मग माझ्याकडे वळल्या. "तुला हे असंच दिसत होतं ना? पिवळं?"

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय. सगळ्यांना तसंच वाटत होतं. सगळ्यांना आवडतात ही चित्रं, अक्का."

"आवडतात ते ठीक आहे गं. पण 'का' असं एकानेही विचारलं नाही." आवाजात राग नव्हता. त्या पलंगावर बसल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "ही सगळी पालथी घाल." भाऊंनी सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदर्शन रद्द करा म्हणून आयोजकांना फोन केला. आयोजक सज्जन गृहस्थ, पण घाबरले. कोणाला सांगू नका, चित्रं आहेत तशी सुंदर आहेत, शिवाय लेख छापायला गेलाय, असं म्हणू लागले. फोन मोठ्या आवाजावर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्या लेखाचंच तर मला लागलंय," अक्का म्हणाल्या. "हे गेले तेव्हा मी हिरवंच काढत होते. तेरावं झालं आणि मी बागेत जाऊन बसले. हिरवंच काढलं. दुःख वेगळं आणि मोतीबिंदू वेगळा. ह्यांच्या नावावर माझा मोतीबिंदू खपवू नका."

यजमानांबद्दल त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या रविवारी गेले तर त्या जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात फ्रेममधून काढलेलं एक चित्र होतं. आम्हा सगळ्यांचं सर्वांत लाडकं. एक वाकलेलं पान, त्याच्या पोटातून उतरलेला उजेड, बाकी काही नाही. अक्कांनी त्यावर पाणी सोडून जुना रंग उचलायचा प्रयत्न केला होता आणि वरून निळा चढवला होता. पानाचं डबक्यावरचं शेवाळ झालं होतं. उजेड होता तिथे करडा चिखल होता.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"हे काढलं तेव्हा मला जे दिसलं तेच काढलं होतं. चुकीचं दिसलं असेल, पण खोटं नव्हतं. हा निळा मी तेव्हा पाहिलेलाच नाही. तो आता वरून फासला, हे मात्र खोटं झालं." त्यांनी कुंचले धुतले, चित्राच्या कडा सरळ केल्या आणि ते वाळत ठेवलं, जणू पूर्ण झालेलं चित्र असावं तसं. मग म्हणाल्या, "त्यांना फोन लाव. म्हणावं, होऊ दे प्रदर्शन. फक्त मी बोलणार."

प्रदर्शनाला गर्दी चांगली होती. भाऊ इस्त्रीचे पांढरे कपडे घालून दाराशी उभे होते आणि येईल त्याला नमस्कार करत होते. समीक्षकही पुण्याहून आले होते. अक्कांना माइक दिला तेव्हा त्यांनी आधी कोणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. माझ्याच एका विद्यार्थिनीने हात वर केला. "अक्का, हा पिवळा कुठून आला?"

"मोतीबिंदूतून."

सभागृह हसलं. अक्का हसणं थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"मी विनोद नाही करत. निळा मला कागदावर मळका, काळपट दिसायला लागला होता. मला वाटे रंगच खराब येतात हल्ली. म्हणून मी तो कमी करत गेले. पिवळा तेवढा स्वच्छ दिसायचा. मी माझ्या समजुतीने हिरवीच पानं काढत होते. आता एक डोळा नीट झालाय, तेव्हा मलाही कळलं तुम्ही इतकी वर्षं काय बघत होता ते. तुम्हाला आवडत असेल तर जरूर बघा. पण यात माझं दुःख शोधू नका. ते इथे नाही."

 टाळ्या वाजवायच्या की नाही, हाच प्रश्न होता. मग लोक उठले आणि चित्रं बघायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ते एरवीपेक्षा जास्त वेळ बघत होते. एक गृहस्थ तर स्वतःचा एक डोळा झाकून बघत होते.

समीक्षक जवळ आले. चेहरा उतरला होता. "म्हणजे माझा लेख साफ चुकला."

"लेख चांगला आहे हो," अक्का म्हणाल्या. "फक्त माझ्यावर नाही."

ते हसले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा अक्कांनी ती पुढे ढकलायला लावली. भाऊ वैतागले. "डॉक्टरनं तारीख देल हाये, आता काय राह्यलं तुहं?" अक्कांनी त्यांना काही सांगितलं नाही. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं या डोळ्याने पाहिलं आणि मला पत्ताच नव्हता. त्याचा एक तरी कागद जाणूनबुजून काढू दे." दवाखान्यातून मिळालेली प्लॅस्टिकची वाटी उजव्या डोळ्यावर चिकटवून, त्यावर रुमाल बांधून त्या बागेत गेल्या. मी बरोबर होते. पाण्याचा कॅन धरण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. त्या सावकाश काढत होत्या. मधेच रुमाल वर करून नव्या डोळ्याने पानाकडे एकदा बघून घेत, पुन्हा झाकत आणि जुन्या डोळ्याला दिसेल तेच उतरवत. ओळखीचं माणूस गाडीत बसायच्या आधी आपण जसं बघून घेतो, तसं त्या बघत होत्या. चित्र झालं तेव्हा त्यांनी मागे पेन्सिलीने 'डावा डोळा' असं लिहिलं. ते त्यांनी कुठल्याही प्रदर्शनात मांडलं नाही. पुढच्याच आठवड्यात डावा डोळाही झाला.

त्यानंतरची त्यांची चित्रं निळसर, टोकदार, जरा थंड वाटावीत अशी होती. लोकांनी ती मान डोलवून पाहिली आणि जुन्या पिवळ्यांची चौकशी केली. कोणी तशीच एक बाग काढून द्या म्हणून गळ घाली, तर अक्का सांगत, "त्या डोळ्याचं दुकान बंद झालं." मी एकदा धीर करून म्हटलं की मलाही जुनीच जास्त आवडतात. त्या म्हणाल्या, "मलाही. पण बघायला. काढायला आता मला हेच दिसतं." आणि दुपारी त्या बागेत जातच राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. त्याच्या थोडेच दिवस आधी मी सावद्याला गेले होते. त्या फार थकल्या होत्या, हाताला कंप होता, कुंचला धरवत नव्हता. भाऊंनी त्यांना आपल्या घरी आणलं होतं आणि पलंग खिडकीशी लावला होता. खिडकीतून पाहण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी, तिच्यासमोर विटांचा कठडा, बस.

"टाकीच्या सावलीत गुलाबी आहे," त्या म्हणाल्या. "दिसतो तुला?"

मी बघितलं. "नाही, अक्का. मला करडीच दिसते."

"थांब जरा. घाई नको करू."

मी खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसले आणि टाकीकडे बघत राहिले. भाऊंनी चहा आणून ठेवला, तो निवला. खाली रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली. ऊन हळूहळू सरकून कठड्यावर आलं, विटा तापल्यासारख्या लाल दिसू लागल्या. आणि मग दिसला. विटांवरून उसळून टाकीच्या सावलीत पडलेला, अगदी फिकट गुलाबी. एकदा दिसल्यावर तो तिथे नव्हताच कधी, असं म्हणता येईना.

"अक्का, दिसला," मी म्हटलं आणि वळले. त्यांना झोप लागली होती.

मी उठले नाही. कठड्यावरचं ऊन उतरेपर्यंत तो तिथे होता.